पत्ता आमचा, नावही आमचेच हवे!

खेड्यात पत्ता सांगायचा म्हणजे आधी जात सांगायची आणि मग घर, ही रीत आजही पुरती संपलेली नाही. रेणापूर तालुक्यातल्या गावांत जा किंवा मराठवाड्यातल्या आणखी कुठल्या गावात जा. वेशीपर्यंतचा रस्ता सगळे सरळ सांगतात. त्यापुढे आमच्या माणसाचे घर विचारले की हात खालच्या अंगाला जातो आणि ‘तिकडं वाड्यात विचारा’ एवढेच उत्तर येते. कोणता वाडा, हे विचारणाऱ्याला न सांगता कळते. शेकडो वर्षे आमचा पत्ता असा होता. त्यात आमचे नाव नव्हते, फक्त आमची जागा दाखवलेली होती.

अशा गावात आता जातीचा शब्द न उच्चारता पत्ता सांगणारे यंत्र आले आहे. ते खिशातल्या मोबाईलमध्ये आहे आणि गाडीच्या काचेशेजारीही आहे. त्याला जीपीएस म्हणतात. आमचा समाज ते रोज वापरतो. परंतु त्याचे खरे मोल आम्ही ओळखले आहे काय?

वाहन आणि रस्ता यांचा जातीशी काय संबंध, असे कुणी विचारील. त्याने बाबासाहेबांचे चरित्र उघडावे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. न्यायला कुणी आले नव्हते. ही पोरे कोण, हे कळताच दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. शेवटी पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. १९२९ साली चाळीसगावला तर विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांचा टांगा हाकायला एकही टांगेवाला धजला नाही. वस्तीतल्या एका अननुभवी माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. टांगेवाल्यांना रस्ता ठाऊक होता, घोडाही होता. अडचण रस्त्याची नव्हती, मनाची होती!

म्हणून आम्ही म्हणतो की जीपीएसकडे केवळ चैनीची वस्तू म्हणून पाहू नका. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अचूक अणुघड्याळाची वेळ सतत खाली पाठवतात. ती यायला किती क्षण लागले, यावरून मोबाईल उपग्रहाचे अंतर काढतो आणि चार उपग्रह मिळाले की आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. उघड्या आभाळाखाली चूक होते ती काही मीटरांची. उपग्रहाला आडनाव कळत नाही. गावकुसाच्या आतल्या वाड्यावर आणि बाहेरच्या पत्र्याच्या घरावर त्याचा संदेश सारखाच पडतो.

हे यंत्र जन्मले अमेरिकेच्या लष्करासाठी. पहिला उपग्रह १९७८ साली सुटला. सामान्य नागरिकांना मुद्दाम कमी अचूक संदेश देण्याची पद्धत मे २००० मध्ये बंद झाली आणि मग ते जगाच्या हाती आले. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात आपल्या दिशादर्शक प्रणालीचे सात उपग्रह सोडले. पण आमच्या वाचकांनी एक नाव विशेष लक्षात ठेवावे. ते नाव ग्लॅडिस वेस्ट. १९३० साली व्हर्जिनियात, शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात ही मुलगी जन्मली. गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या असण्याचा तो काळ. शिष्यवृत्तीवर ती गणित शिकली आणि १९५६ पासून नौदलाच्या संशोधन केंद्रात तिने काम केले. पृथ्वीचा नेमका आकार मोजणारी जी गणिते जीपीएसला आधार झाली, त्यांत तिचा मोठा वाटा होता. अमेरिकेच्या हवाई दलाने तिचा गौरव केला तो २०१८ साली! ज्यांना बसमध्ये मागे बसवले, त्यांच्यातल्या एका लेकीने जगाला रस्ता दाखवला. शिका म्हणजे काय, हे याहून वेगळे कसे सांगायचे?

आता आपल्या दारात या. रात्री वस्तीत बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आणि १०८ ला फोन लावला, तर चालकाला सर्वांत आधी लागतो तो पत्ता. लातूर-अंबाजोगाई रस्ता त्याला माहीत असतो. त्या रस्त्यावरून आत कुठे वळायचे, ओढा कुठून ओलांडायचा, हे माहीत नसते. मोबाईलवरून पाठवलेले लोकेशन इथे जीव वाचवते. लातूरला शिकवणीला गेलेली मुलगी एसटीत बसली की तिची आई घरी बसून गाडी कुठवर आली ते पाहू शकते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीला निघालेल्या जीप-टेम्पोंना परक्या शहरात रस्ता चुकण्याचे भय राहिलेले नाही.

पोटापाण्याचाही प्रश्न यात आहे. पूर्वी शहरात टॅक्सी चालवायची तर गल्लीबोळ पाठ असावे लागत. ते ज्ञान शहरात मुरलेल्यांकडेच असे. आज रेणापूरचा तरुण परवाना काढून पुण्यात गेला तर पहिल्या आठवड्यापासून गाडी चालवून कमवू शकतो. शहराची वाट आता कुणाच्या मेहेरबानीवर राहिलेली नाही.

जमिनीचेही तसेच. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून गायरानाचा प्रश्न आमच्या पाठीशी आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला, तरी आजही कसणाऱ्याला पुरावा मागितला जातो. आपल्या ताब्यातल्या पिकाचा, विहिरीचा, बांधाचा तारीख आणि स्थान दाखवणारा फोटो दर हंगामात काढून ठेवा. मोबाईलची काही मीटरांची चूक लक्षात घेता हद्दीचा वाद त्याने मिटणार नाही, त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणीच लागेल. पण ‘हे लोक इथे नव्हतेच’ असे म्हणणाऱ्याचे तोंड त्याने बंद करता येते.

परंतु उपग्रह जागा सांगतो, नाव माणसे देतात. इथे मनुवादी मन पुन्हा डोके वर काढते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेतला की वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. निर्णय चांगला होता. तो कागदावरून फलकावर, फलकावरून रेशनकार्डावर आणि तिथून मोबाईलच्या नकाशावर किती ठिकाणी पोहोचला? नकाशात नाव टाकण्याची सोय कुणालाही आहे. आम्ही टाकले नाही तर दुसरा कुणी जुनेच नाव टाकील आणि गावाची वेस थेट उपग्रहाच्या नकाशात जाऊन बसेल. मग वस्तीचे नाव पाहूनच भाडे नाकारणारा चालक आणि चाळीसगावचा टांगेवाला यांत फरक काय राहील? ज्या मराठवाड्याने विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षांचा संघर्ष केला, घरे जळताना पाहिली, त्याला नावाचे मोल आम्ही वेगळे सांगायला नको.

दुसरा धोका पाळतीचा आहे. जे यंत्र आम्हाला वाट दाखवते तेच आमच्यावर नजरही ठेवते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. झाडूवाला किती पावले चालला हे साहेबाला खुर्चीत बसून दिसू लागले. साहेब किती वेळ खुर्चीत होता, हे मात्र कामगाराला दिसत नाही! १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मोबाईलच्या स्थानासह फोटोहजेरी सक्तीची झाली. जिथे रेंज नाही तिथे मजुराने घाम गाळूनही हजेरी लागेना. यंत्र वाईट नाही. ते कुणाच्या हातात आहे आणि कुणाकडे रोखले आहे, हे पाहिले पाहिजे. खोटी हजेरी पकडायची तर ठेकेदाराचा टँकर, रेशनचा ट्रक आणि अधिकाऱ्याची गाडी यांचाही मार्ग गावाला पाहू द्या, ही मागणी आम्ही का करू नये?

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, ग्रामसभेत वस्तीच्या नव्या नावाचा ठराव करून फलक लावावा आणि तेच नाव विहार, अंगणवाडी, समाजमंदिर यांसह नकाशात नोंदवावे. दुसरे, टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन घरोघर काढून द्यावा. सगळ्या देशाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन करून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली आहे. त्यात वाडा नाही, आळी नाही, जात नाही. ती खूण दारावर रंगवा. तिसरे, म्हाताऱ्या माणसांना आणि बायाबापड्यांना लोकेशन पाठवायला शिकवा. रेंज नसली तरी जीपीएस चालते, मात्र नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो, हेही सांगा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत एक तास पुरे होईल.

खेड्याने आम्हाला जागा दिली ती गावकुसाबाहेर. बाबासाहेबांनी आम्हाला त्या कुसाबाहेरून संविधानाच्या पानावर आणले. नकाशावर आपल्या नावाने येण्याचे काम आता आपले आहे. ते दुसरा कुणी करणार नाही!

जयभीम!