गीझर घ्यायचा, पण कोणता?

मंडळी, कार्तिकी जवळ आली की पंढरपूर तालुक्यातल्या घरांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. धडधाकट माणसे चंद्रभागेवर स्नान उरकतात; म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना मात्र पहाटे घरीच ऊन पाणी लागते. मग गीझरचा विषय निघतो.

दुकानात विजेचे दोन प्रकार दिसतील. एकात टाकी असते, पाणी आधी तापवून ठेवायचे. दुसऱ्यात नळ सोडला की पाणी वाहता वाहता तापते. हा स्वस्त आणि आटोपशीर, म्हणून मन त्याच्याकडेच ओढ घेते. पण आधी आपल्या घरची वीज पाहा. हा गीझर बहुधा ३ किलोवॅटचा असतो. २३० व्होल्ट दाब मिळाला तर १५ लिटरची बादली वीसेक अंश तापायला सात-आठ मिनिटे लागतात. मळ्यातल्या वस्तीवर मोटारी सुरू होऊन दाब १७० वर आला, की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. बादली कोमट आणि बाहेर पाहुण्यांची रांग!

टाकीचा गीझरही अशा वेळी रेंगाळतो, पण तो तासभर आधी लावून ठेवता येतो. वीज गेली तरी पाणी काही तास ऊन राहते. २५ लिटर कढत पाण्यात विसण घातले की सुमारे तीन बादल्या होतात. वस्तीवर राहणाऱ्यांनी टाकीचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बिलात फार फरक नाही. बादलीमागे दोन्हींना साधारण एक तृतीयांश युनिट लागते, टाकीत थोडी ऊब वाया जाते इतकेच. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचे पुट चढते, ते वर्षा-दोन वर्षांनी काढून घ्या. कोणताही घ्या, त्याला वेगळी जाड वायर, १६ अँपिअरचा प्लग, चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे आर.सी.सी.बी. हवेच. पंख्याच्या प्लगवर तो लावू नका.

आता गॅसचा गीझर. विजेची वाट पाहत नाही, पाणीही भराभर देतो. पण बंद न्हाणीघरात तो जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. आतून कडी लावलेले माणूस हाक न मारताच कोसळते. "खिडकी आहे ना!" असे दुकानदार म्हणेल; ऐकू नका. तो बाहेर उघड्या पडवीत बसवा, आत फक्त नळी आणा.

तांब्याचा बंब मोडीत घालू नका. घरच्या तुराट्या आहेत तोवर त्याला बिल येत नाही. मात्र तो अंगणातच पेटवा, निखाऱ्यांतूनही हाच वायू निघतो.