नळाखालचा जॉइंट गळतोय? मोटरीचा सक्शन पाइप आठवा

आज पिकाचं नाही, दारातल्या नळाचं लिहितोय.

ठिबकची नळी उंदरानं कुरतडली तर आपण तासाभरात जॉइनर बसवतो. पण दारातल्या नळाच्या बुडाशी बारा महिने चिखल असतो, तिकडं कुणी बघत नाही. विचारलं तर म्हणतात, "थेंब थेंबच तर गळतंय, कुठं मीटर हाय?"

थेंबाचा हिशोब आधी करू. गळतीखाली लिटरचं माप ठेवा. १० मिनिटांत भरलं तर तासाला ६ लिटर गेलं. नळ घरच्या टाकीवर असेल, म्हंजे पाइपात कायम पाणी असेल, तर दिवसाला १४४ लिटर. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. म्हंजे अडीच माणसांचं पाणी चिखलात.

पण माझ्या मते हे लहान नुकसान. मोठा धोका वेगळाच आहे.

मोटरीचा सक्शन पाइप आठवा. त्याचा जॉइंट सैल असला तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. गावच्या लाइनचं पण तसंच. पाणी चालू असतं तोवर जॉइंट बाहेर गळतो. पाणी बंद झालं, उताराच्या घरात कुणी नळ उघडा ठेवला, की रिकाम्या होणाऱ्या पाइपात ओढ तयार होते. जॉइंट डबक्यात बुडालेला असेल तर तेच घाण पाणी आत जातं. तिथंच भांडी घासतात, तिथंच जनावरं उभी असतात. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा त्याच पाण्याचा, आणि तो शेजाऱ्याच्या घरी पण जाऊ शकतो. मग पावसाळ्यात जुलाब लागले की आपण ग्रामपंचायतीला शिव्या देतो. टाकीत टीसीएल टाकलं तरी टाकीच्या पुढं शिरलेल्या घाणीला ते पुरेलच असं नाही.

म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून भागवू नका. पट्टीनं थेंब कमी दिसतो, फट तशीच राहते.

नीट काम असं करा. आधी व्हॉल्व्ह बंद करा. जॉइंट फडक्यानं कोरडा करून थोडं पाणी सोडा आणि गळती नेमकी कुठून ते बघा. वरून ओघळलेलं पाणी खाली गळल्यासारखं दिसतं.

नळाच्या आट्यातून गळत असेल तर नळ काढा, जुनी टेप पूर्ण साफ करा. आट्यांचं तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं टेफ्लॉन टेपचे ८-१० वेढे ताणून घ्या. उलटे वेढे नळ पिळताना सुटतात. प्लास्टिकच्या एल्बोत पितळी नळ पान्यानं जोर लावून आवळू नका, एल्बो तडकतो. तिथं पितळी आट्यांचा एल्बो घ्या.

काळ्या पाइपाच्या कपलरमधून गळत असेल तर आतली रबर रिंग बघा. पाइप सरळ कापलेला आणि पूर्ण आत गेलेला पाहिजे. चिकटवलेला पीव्हीसी जॉइंट गळत असेल तर वरून सोल्युशन फासून उपयोग नाही. तेवढा तुकडा कापून नवा बसवा, रात्रभर पाणी सोडू नका.

आणि नळाच्या उभ्या पाइपाला क्लॅम्प किंवा खांबाचा आधार द्या. नळाला बादली अडकवली की तो हलतो, आणि खालचा जॉइंट तिथूनच सुटतो. बुडाशी छोटा ओटा करून पाणी परसबागेत काढून द्या.

रस्त्याखालची मेन लाइन फुटली तर ग्रामपंचायतीला जरूर सांगा. पण आपल्या दारातल्या जॉइंटसाठी त्यांच्या माणसाची वाट बघत बसणं मला पटत नाही. मोटर खोलून बसवणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. पाऊस पडायच्या आत प्रत्येकानं आपल्या नळाचं बूड एकदा बघून घ्या.