मोटारीचा पट्टा आणि सशाचे शिंग

वर्षभर या पानावर आपली गाठ पडते ती दीड रकान्यापुरती. दिवाळी अंकात संपादक अंमळ ऐसपैस जागा देतात आणि वर ‘काहीतरी खुसखुशीत येऊ द्या’ असे बजावतात. ही सूचना चकलीला लागू पडते तेवढी मराठीच्या प्राध्यापकाला पडत नाही, हे त्यांना अजून पटलेले नाही. तेव्हा खुसखुशीतपणाचा भार फराळाच्या ताटावर सोपवून मी आज मोटारीच्या पट्ट्याविषयी लिहिणार आहे. मोटार आणि मी यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे ते हसतील. हसोत बापडे! या विषयाची फी मी एकदा भरली आहे आणि दुसऱ्यांदा भरता भरता वाचलो आहे.

लहानपणी मामांकडे प्रीमियर पद्मिनी होती. त्या काळी आमच्या लेखी पट्टा म्हणजे फॅन बेल्ट. बॉनेट उघडले की तो समोरच दिसे. सैल पडला की किंचाळे, तुटला की इंजिन तापे, मग मामा गाडी झाडाखाली उभी करून डिकीतला जादा पट्टा काढीत आणि आम्ही मुले तेवढ्यात चिंचा पाडून घेत असू. मोटारीचा पट्टा हा असा बोलका, गरीब आणि मुलांना चिंचा मिळवून देणारा प्राणी आहे, अशी माझी ठाम समजूत होती. ती घेऊनच मी स्वतः मोटार बाळगू लागलो.

२०१४ सालची गोष्ट. माझी जुनी गाडी कंपनीच्या अधिकृत कारखान्यात नेली होती. तिथला माणूस म्हणाला, “सर, टायमिंग बेल्टची मुदत संपलीय. बदलून टाका.” मी मनात म्हटले, बरा सापडलास! कारण त्याच कारखान्याने मागच्या खेपेला एअर फिल्टर बदलल्याचे पैसे घेतले होते, आणि आठवड्याने आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने झाकण उघडून धुळीने भरलेला जुनाच फिल्टर माझ्या हातावर ठेवला होता. मी बाणेदारपणे विचारले, “पट्टा किंचाळतोय का? नाही ना? मग राहू द्या.” घरी येऊन हा पराक्रम मी दोनदा सांगितला.

पुढच्याच महिन्यात वडिलांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही पहाटे साताऱ्याहून पुण्याला निघालो. शिरवळ ओलांडले आणि चालती गाडी बोलता बोलता गप्प झाली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. दुसरे वाहन मिळेपर्यंत दोन तास वडील रस्त्याच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शस्त्रक्रियेची वेळ टळली, पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. गाडी फिटरने उघडली तेव्हा आतला पट्टा तुटलेला आणि व्हॉल्व्ह वाकलेले. बदलण्याला जेवढे लागले असते त्याच्या सहापट पैसे गेले. त्याचे दुःख ओसरले. पण परतताना वडिलांनी विचारले होते, “त्या माणसाने सांगितलं होतं ना रे तुला?” त्या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता आलेले नाही.

हा आतला पट्टा करतो तरी काय? इंजिनात दोन दांडे फिरतात. खालचा क्रँकशाफ्ट; पिस्टनची वरखाली त्याला जोडलेली. वरचा कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह नावाच्या झडपा उघडतो. खालच्याच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा वरच्याची नेमकी एक व्हावी लागते. गाण्याच्या भाषेत सांगायचे तर एक दुगुणीत चालतो, दुसरा ठाय लयीत, पण समेवर दोघांनी बरोबर यायचे. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असला तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. ही सम राखतो तो टायमिंग बेल्ट. तो तुटला की लय गेली. आणि कित्येक इंजिनांत झडप व पिस्टन यांनी आळीपाळीने वापरायची जागा एकच असते. लय गेली की दोघे एकाच वेळी तिथे पोचतात आणि टक्कर होते.

पूर्वी हे काम साखळी किंवा दातेरी चाके करीत. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या ‘१००४’ या मोटारीत त्यासाठी दातेरी रबरी पट्टा घातला. पट्टा हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा, म्हणून तो पुढे जगभर पसरला. आपल्या मारुती ८०० मध्ये तोच होता. मग वारे फिरले आणि बऱ्याच कंपन्या पुन्हा साखळीकडे वळल्या. मारुतीच्याच के-मालिकेतल्या इंजिनांत साखळी आली. दोघांचे स्वभाव निराळे. रबरी पट्टा झाकणाआड असतो आणि तुटण्यापूर्वी बहुधा चकार शब्द काढत नाही, म्हणून तो मुदतीवर बदलायचा. मुदत कुठे ६० हजार किलोमीटर, कुठे १ लाख. शिवाय वर्षांचीही मर्यादा असते, कारण गाडी दारात उभी राहिली म्हणून रबराचे म्हातारपण थांबत नाही. साखळी पोलादाची, इंजिनाच्या पोटात तेलाने न्हालेली. ती साधारणपणे इंजिनाच्या आयुष्याला पुरावी अशाच बेताने केलेली असते. तिला मुदत नसली तरी पथ्य आहे: तेल वेळेवर बदलणे. तेल घाण झाले की तिच्या कड्यांचे सांधे झिजतात, साखळी लांबते आणि सकाळी गाडी सुरू करताना खडखडू लागते. तिला ताणून धरणारे यंत्रही पुष्कळदा तेलाच्या दाबावरच चालते.

एवढे ज्ञान आज मी पाजळतो आहे. पण यंदा दसऱ्याआधी माझी सध्याची गाडी, २०१८ साली घेतलेली, सर्व्हिसिंगला नेली तेव्हा यातले मला काडीचेही ठाऊक नव्हते. एका जाडजूड कारखान्याच्या काचेच्या दारात एक तरुण पुढे आला आणि त्याने चक्क वाकून नमस्कार केला. “सर, ओळखलंत का? एफ. वाय.ला मराठी होतं आपल्याकडे.”

ओळखले. न ओळखून सांगतो कुणाला? परीक्षेत गाइडातले उत्तर उतरवताना ‘येथे योग्य ते उदाहरण द्यावे’ ही गाइडकाराची सूचनाही याने सुवाच्य अक्षरात उतरवली होती. आता तो सर्व्हिस ॲडव्हायझर झाला होता. हातातल्या छापील यादीवरून तो वाचू लागला: इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीची ट्रीटमेंट... “आणि सर, गाडी ६० हजारांवर आली. टायमिंग बेल्ट बदलायला लागेल. किट, मजुरी धरून १८ हजार.”

माझ्या डोळ्यांसमोर शिरवळचा रस्ता आणि मांडीवरची पिशवी उभी राहिली. “बदल बाबा, आधी तो बदल!” मी म्हणालो. आपला विद्यार्थी आपल्याला खड्ड्यात घालणार नाही, असाही एक विचार मनात होता.

जॉब कार्ड तयार होईपर्यंत मला कोचावर बसवले. वाचायला काही नव्हते. सर्व्हिसचे पुस्तक शोधताना गाडीच्या खणातून निघालेली मालकाची पुस्तिका तेवढी हातात होती. सात वर्षांत तिचे प्लॅस्टिकचे वेष्टनही फुटलेले नव्हते! ज्या माणसाने वीस वर्षे वर्गात ‘गाइडे फेका, मूळ ग्रंथ वाचा’ असे बाके बडवून सांगितले, त्याचा स्वतःच्या गाडीचा मूळ ग्रंथ कोरा करकरीत. मी गुपचूप वेष्टन फाडले. किलोमीटरवार देखभालीचा तक्ता होता. तेल होते, फिल्टर होते, स्पार्क प्लग होते, बाहेरचा पट्टा तपासण्याची सूचना होती. टायमिंग बेल्ट नव्हता. इंजिनाच्या माहितीत स्पष्ट लिहिले होते: टायमिंग चेन.

म्हणजे माझ्या गाडीत जो पट्टा मुळातच नाही, तो बदलण्याला मी मान्यता देऊन बसलो होतो! आपल्या शास्त्रकारांनी अशक्य वस्तूंचे दाखले म्हणून वंध्येचा पुत्र, आकाशातले फूल आणि सशाचे शिंग सांगून ठेवले आहे. सशाच्या शिंगाला चांदीचे टोपण बसवून घेण्याचे १८ हजार मी देणार होतो.

पुस्तिका त्याच्यापुढे ठेवली. तो गोंधळला. संगणकात त्याने गाडीचा चेसिस नंबर घालून सुट्या भागांची यादी काढली. तसा भागच निघेना. त्याचा चेहरा उतरला. “सर, ही यादी सगळ्या मॉडेल्सना मिळून छापलीय. मी तीच वाचतो. महिन्याचं टार्गेट असतं...” म्हणजे इथेही त्याने गाइडच उतरवले होते. त्याला रागवायला मी तोंड उघडले आणि फाटलेले वेष्टन पाहून मिटले. यादी न तपासता वाचणारा तो आणि न तपासता मान डोलावणारा मी, दोघे एकाच बाकावरचे.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “सर, या आठवड्यात मी आणखी तिघांना हे सांगितलंय. दोन गाड्या बेल्टच्याच आहेत. तिसरी बघतो.” त्याने चेसिस नंबर घातला, पडद्याकडे पाहिले आणि फोन उचलला. “काका, ते बेल्टचं काम करायचं नाही तुमच्या गाडीला. हो, माझी चूक झाली.” याला पहिल्या वर्षी शंभरात अडतीस गुण दिल्याचे मला त्या क्षणी वाईट वाटले.

मग आम्ही दोघांनी बसून खरी यादी केली. फ्लशिंग आणि ट्रीटमेंटा गळाल्या. मूळ ग्रंथात त्यांचा उल्लेख नव्हता. बाहेरचा पट्टा मात्र बदलला. त्यावर भेग दिसत नव्हती, पण हल्लीच्या रबराला जुन्यासारख्या भेगा सहसा पडतच नाहीत, खाचा झिजतात. त्या झिजलेल्या खाचा त्याने मला बोट फिरवून दाखवल्या, आणि जुना पट्टा मी न मागता डिकीत ठेवला.

वाचकहो, मोटार असेल तर एवढेच करा. आपल्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, हे पुस्तिकेत पाहा. पट्टा असेल तर किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी भरेल त्या मुदतीला तो बिनतक्रार बदला, आणि त्याच वेळी त्याचा ताण राखणारी कप्पीही. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्याचीही चौकशी करा, म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा पडणार नाही. साखळी असेल तर तेलाची तारीख पाळा. कामाची यादी लेखी घ्या, प्रत्येक ओळीला ‘हे पुस्तिकेत कुठे आहे?’ असे विचारा, आणि काढलेला भाग परत मागा. २०१४ साली मी सगळेच खोटे मानले आणि फसलो. यंदा सगळेच खरे मानून फसणार होतो. दोन्ही वेळा उत्तर हाताशी होते.

यंदा दसऱ्याला सरस्वतीच्या पाटापुढे पोथ्यांच्या शेजारी ती पुस्तिकाही मांडली. वडिलांनी चष्मा लावून ती उचलली, फाटलेले वेष्टन पाहिले आणि विचारले, “वाचलीस का रे?”

या वेळी मला उत्तर देता आले.