खेकडा, कोळंबी आणि जवळा : डोंगरखोऱ्यातील शेतकऱ्याने ओळख का ठेवावी?

पोलादपूर तालुक्यातील कापडे बुद्रुक व कापडे खुर्द ही गावे समुद्रकिनाऱ्यापासून बरीच आत, सह्याद्रीच्या कुशीत वसलेली आहेत. भाताची खाचरे, वरकस जमिनीवरील नाचणी व वरी आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे ओढे हे तेथील शेतीचे स्वरूप होय. अशा गावांतील शेतकऱ्यास कोळंबी, शेवंड आणि चिंबोरी यांचे प्रकार सांगून काय लाभ, अशी शंका कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. हा विषय कोळी बांधवांचा आहे, नांगरधाऱ्याचा नव्हे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. परंतु थोडा विचार केल्यास हा समज चुकीचा असल्याचे दिसून येईल.

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील घराघरांत मे महिन्यात आगोटची बेगमी होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते व त्यानंतरही काही दिवस ताजी मासळी डोंगराळ भागात क्वचितच पोहोचते. म्हणून सुकट, सोडे, जवळा यांच्या पिशव्या भरून ठेवल्या जातात. याचा अर्थ असा की, ज्या कुटुंबाने समुद्र कधी पाहिला नाही तेदेखील समुद्रातील कवचधारी प्राण्यांवर दरवर्षी पैसा खर्च करीत असते. त्याच कुटुंबाच्या खाचरात दुसरे कवचधारी प्राणी, म्हणजे खेकडे, बांध पोखरीत असतात. आणि आता शेततळी झाल्यापासून कोळंबी पाळण्याची हौसही अनेकांस वाटू लागली आहे. खरेदी, पीकसंरक्षण आणि जोडधंदा अशा तिन्ही ठिकाणी ओळखीच्या अभावी नुकसान होते. म्हणून ही ओळख विस्तारकार्याचा भाग झाली पाहिजे.

बाजारातील नावे व त्यांमागील प्राणी

सुक्या मासळीची बाजारातील नावे बहुधा आकारावरून व सुकविण्याच्या रीतीवरून पडलेली आहेत. त्यांवरून प्राण्याची जात कळतेच असे नाही. म्हणून प्रथम तीन माल वेगळे ओळखावेत.

जवळा हा अगदी लहान, दीड ते चार सेंटिमीटर लांबीचा, पातळ कवचाचा, जिवंतपणी जवळजवळ पारदर्शक असणारा प्राणी होय. सुकल्यावर तो फिकट गुलाबी दिसतो व डोळ्यांचे दोन काळे ठिपके स्पष्ट उठून दिसतात. तो सोलावा लागत नाही, सबंध खाल्ला जातो. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले होत, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. जवळा ही स्वतंत्र जात असून पूर्ण वाढलेला जवळाही एवढाच राहतो.

करदी अथवा अंबाड या नावांनी विकली जाणारी बारीक कोळंबी जवळ्याहून मोठी असते. तिच्या डोक्यावर पुढे आलेला करवतीसारखा लांब काटा असतो व तो बोटाला टोचतो. ती निवडून व काटे झाडून घेतल्याखेरीज रांधता येत नाही.

सोडे मोठ्या कोळंबीपासून तयार होतात. डोके व कवच काढून केवळ मांस सुकविलेले असते. तुकडा वाकडा, भरीव व कवचरहित असतो. तिन्हींत सोड्यांचा भाव सर्वांत अधिक असतो, कारण सोलताना व सुकताना मालाचे वजन फार घटते.

खरेदी करताना मूठभर माल पांढऱ्या कापडावर पसरून पाहावा. सोड्यांत कवचाचे तुकडे व बारीक सुकट मिसळलेली असल्यास ती तेथेच दिसते. रंग अवाजवी भडक वाटला तर दोन सोडे पाण्यात भिजवावेत. पाणी लाल झाल्यास माल परत करावा. तळाशी वाळू बसल्यास माल उघड्या रेतीवर सुकविलेला आहे असे समजावे. नाकाला झोंबणारा दर्प हे माल बिघडल्याचे लक्षण आहे. माल हाताला ओलसर लागत असेल तर त्यास लवकरच बुरशी येईल व गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देत आहे हेही उघड आहे.

या तुलनेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सुक्या जवळ्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो आणि तो कवचासह खाल्ला जात असल्याने शरीरास चुनाही मिळतो. म्हणजे स्वस्त माल हा हलका माल नव्हे. स्वच्छ जवळा भेसळीच्या सोड्यांपेक्षा कुटुंबाच्या आहारात अधिक मोलाचा ठरतो. मात्र कोळंबी वा खेकडा खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर पित्त उठते किंवा घसा सुजतो, त्यांनी जवळाही टाळावा. नाव निराळे असले तरी गोत्र एकच आहे.

कोळंबीतील दोन घराणी

ताजी कोळंबी हातात आल्यास तिच्या पोटाकडील कड्या पाहाव्यात. समुद्रातील सफेद कोळंबी, पट्ट्यांची वाघ्या कोळंबी, चैती कोळंबी यांच्या कड्या कौलांप्रमाणे एकामागून एक रचलेल्या असतात. पहिलीची कड दुसरीवर व दुसरीची तिसरीवर येते. नदीतील कोळंबी व करदीसारख्या जाती यांच्यात मात्र दुसरी कडी रुंद असून ती पहिली व तिसरी अशा दोन्ही कड्यांवर चढलेली असते. पहिल्या घराण्यात पायांच्या पुढच्या तीन जोड्यांना चिमटे असतात, दुसऱ्यात दोनच जोड्यांना. पहिल्या घराण्यातील मादी अंडी समुद्रात सोडून मोकळी होते. दुसऱ्या घराण्यातील मादी ती पोटाखालील पायांत धरून वाहते. म्हणून पोटाखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर ती कोळंबी पहिल्या घराण्यातील नव्हे, हे निश्चित.

या खुणा केवळ अभ्यासकांसाठी नाहीत. सफेद कोळंबी समुद्रात जन्मते, पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, तेथे वाढतात व पुन्हा समुद्रात जातात. गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, जिच्या नरास लांब निळे नांगे असतात, ती याच्या उलट वागते. ती नदीत वाढते, परंतु अंडी घालण्यासाठी प्रवाहाबरोबर खाली खाडीच्या मचूळ पाण्याकडे जाते, कारण तिची अगदी लहान पिल्ले निव्वळ गोड्या पाण्यात जगत नाहीत. शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने मलायात १९६१ च्या सुमारास ही गोष्ट शोधून काढली व तेव्हापासून जगभर या कोळंबीची बीजकेंद्रे उभी राहिली.

शेततळ्यात कोळंबी सोडू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, तळ्यातील कोळंबीस अंडी दिसली म्हणून पुढील वर्षाचे बीज घरीच मिळेल अशी आशा धरू नये. बीज दरवर्षी बीजकेंद्रातूनच आणावे लागते. दुसरी ही की, खाडीतून गाळून आणलेले मिश्र बीज स्वस्त म्हणून घेऊ नये. त्यात कोणत्या जाती आहेत हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. त्यांतील पुष्कळशी पिल्ले गोड्या पाण्यात मरतात आणि खाडीचेही नुकसान होते ते वेगळेच. बीज घेण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास अथवा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञास विचारणे हाच शहाणपणा होय. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणच्या शेतकऱ्यांसाठी कार्य करीत आहे. त्याच्या ज्ञानाचा लाभ घेण्यात संकोच नसावा.

पाण्यातील वल्हे आणि शेतातील मुठा

खेकड्यांची ओळख सर्वांत सोपी आहे. पायांची शेवटची जोडी पाहावी. ती वल्ह्यासारखी चपटी असल्यास खेकडा पोहणारा, म्हणजे समुद्राचा किंवा खाडीचा होय. सर्व पाय टोकदार असल्यास तो बहुधा गोड्या पाण्याचा, ज्यास कोठे कोठे मुठा म्हणतात, तो होय. खाडीतील काळ्या चिंबोरीचे कवच हिरवट तपकिरी व गुळगुळीत असून दोन्ही कडांस प्रत्येकी नऊ सारखे दाते असतात. पाठीवर तीन गोल ठिपके असलेला आणि पाठीवर क्रूसासारखी खूण असलेला असे दोन खेकडे समुद्रातून बाजारात येतात. कोणत्याही खेकड्याच्या पोटावरील झडप अरुंद असल्यास तो नर, रुंद असल्यास मादी. खालच्या बाजूने अंगठ्याने दाबून पाहावे. कवच लवत असल्यास त्याने नुकतीच कात टाकलेली असते व आत मांसापेक्षा पाणीच अधिक निघते.

शेवंड हा लांब मिशांचा, नांगे नसलेला प्राणी तर आणखी निराळा. त्याचा चपटा भाऊबंद पूर्वी मुंबईच्या किनाऱ्यावर विपुल सापडत असे. अंडीवाल्या माद्यांसह त्याची बेसुमार धरपकड झाली आणि १९९४ मध्ये तो व्यवसाय बसला. ओळख असूनही संयम न राखल्याचे हे उदाहरण डोंगरातील लोकांनीही विसरू नये.

कारण मुठ्याच्या बाबतीत तीच चूक ओढ्याकाठी होत आहे. समुद्रातील खेकडा लाखो अंडी सोडतो व त्याची पिल्ले पाण्यात तरंगत दूर पसरतात. गोड्या पाण्याच्या खेकड्यास तशी तरंगती पिल्ले नसतात. त्याची मादी मोजकी, मोठी अंडी पोटाच्या झडपेखाली ठेवते व त्यांतून खेकड्याच्याच रूपाची चिमुकली पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्यांना सांभाळते. पहिल्या पावसात वलगणीच्या रात्री बत्ती घेऊन खेकडे धरण्याची रीत जुनी आहे व ती बंद पडावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु झडपेखाली अंडी वा पिल्ले असलेली मादी तेथेच सोडून द्यावी. समुद्राचा साठा दूरच्या पाण्यातून कदाचित भरून येईल. ओढ्याचा साठा ओढ्यातूनच भरावा लागतो. धरलेले मुठे पूर्ण शिजवूनच खावेत, कारण गोड्या पाण्याच्या खेकड्याच्या कच्च्या मांसातून फुप्फुसाचा कृमिरोग होऊ शकतो. ईशान्य भारतात असे रुग्ण आढळले आहेत.

बांधाचा प्रश्न

येथे भातशेती करणारा शेतकरी म्हणेल की, खेकडा बांधास बिळे पाडतो, खाचरातील पाणी वाहून जाते, कोवळी रोपे कातरली जातात. त्याची दया कशी करावी? ही तक्रार रास्त आहे. पाण्याअभावी खाचर उघडे पडल्यास वर्षाचे अन्न जाते. परंतु बिळे दिसताच ओढ्याच्या वा खाचराच्या पाण्यात कीटकनाशक ओतणे हा उपाय नव्हे. कीटक आणि कवचधारी हे एकाच संधिपाद कुळातील प्राणी आहेत. जे औषध किडीस मारते ते खेकड्यास, नदीतील कोळंबीस व खाडीतील कोळंबीच्या पिल्लांसही मारते. या खोऱ्यातील ओढे सावित्रीस मिळतात. सावित्री महाबळेश्वरास उगम पावून पोलादपूर, महाड ओलांडीत बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये समुद्रास मिळते. महाडपर्यंत एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबते येत असत. डोंगर आणि खाडी यांतील अंतर पाण्याच्या हिशेबाने इतके थोडे आहे. आगोटला ज्या कोळंबीचे सोडे विकत घ्यावयाचे, तिचीच पिल्ले श्रावणात विषाने मारावयाची, हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

बांधाची दुरुस्ती उन्हाळ्यातच करावी. चिखलणीच्या वेळी बांध आतून चांगला लिंपून घ्यावा. बिळे रोज सकाळी पाहून चिखलाने ठेचून बुजवावीत आणि खाचरातील खेकडे हाताने अथवा सापळ्याने धरावेत. ते अन्नच आहे. एवढे करूनही उपद्रव आवरला नाही व विषारी आमिष वापरण्याची पाळी आलीच, तर ते कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने, सांगितलेल्या प्रमाणात, बिळाच्या आत ठेवून बीळ बुजवावे आणि त्या शेतातील खेकडे खाऊ नयेत.

शिकवावे कोणी?

हे ज्ञान शिकविण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. सुकट निवडणाऱ्या वयस्क स्त्रियांस जवळा, करदी व सोडे यांतील भेद पाठ असतो. तरुण पिढी पाकीटबंद माल घेऊ लागल्याने तो भेद विसरत चालली आहे. ग्रामसभेच्या दिवशी किंवा शाळेत एका फळीवर पाच-सहा नमुने मांडून, त्या स्त्रियांनी नावे सांगावीत व विस्तार अधिकाऱ्याने कड्या, चिमटे आणि वल्ही दाखवावीत, एवढी योजना पुरेशी आहे. मुलांना एकदा खेकड्याची झडप उलटून दाखविली की ती आयुष्यभर विसरणार नाहीत.

शेतकरी बियाण्याचे वाण ओळखतो, बैलाचे दात पाहतो, गवताची पाती चुरून जात सांगतो. त्याच चौकस दृष्टीने त्याने ताटातील सुकट व बांधातील मुठा यांकडे पाहावे. असे केल्यास आगोटच्या पैशाचे चीज होईल, बांध शाबूत राहतील, आणि वलगणीच्या रात्री पुढच्या पिढीलाही ओढ्यात खेकडे सापडतील.