पाहणाऱ्याचे कान

एकाच घरातील चार माणसे एकच चित्रपट पाहून बाहेर पडतात आणि वाटेत चार निरनिराळ्या चित्रपटांविषयी बोलू लागतात, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नसावा. आजोबांना नटाचे डोळे आठवतात, गृहिणीला नायिकेच्या शालूचा काठ आठवतो, मुलांना मारामारी. आमच्या सुरतेत तर त्या काठाची जर खरी की नकली, यावरही दोन तट पडतात. जरीच्या आणि मागांच्या या शहरात कापड पारखण्याची नजर कोणाला शिकवावी लागत नाही. परंतु ही नजर सर्व तऱ्हेच्या चित्रपटांस सारखीच पुरते काय?

आपल्या पूर्वसूरींनी या प्रश्नाचा विचार रसांच्या परिभाषेत केला. भरतमुनींनी आठ रस सांगितले. नववा शांतरस मागाहून आला. या नवरसांवर १९६४ साली तमिळमध्ये ‘नवरात्री’ हा चित्रपट निघाला आणि शिवाजी गणेशन यांनी त्यात नऊ भूमिका केल्या. १९७४ साली त्याचाच हिंदी अवतार ‘नया दिन नयी रात’ आला. त्यातील नऊ भूमिका संजीवकुमार यांच्या. हे संजीवकुमार म्हणजे १९३८ साली सुरतेत जन्मलेले हरिहर जरीवाला, आडनावातच जर घेऊन आलेले. तेव्हा आपल्याच गावच्या या नटाचे बोट धरून आम्ही थोडे पुढे जाऊ इच्छितो.

‘कोशिश’ (१९७२) हा गुलजारांचा चित्रपट घ्या. नायक-नायिका दोघेही मूकबधिर. या भूमिकेसाठी संजीवकुमारांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि ते पाहिलेला प्रत्येक जण त्यांच्या हातांची व डोळ्यांची वाखाणणी करतो. तथापि आम्हांस वाटते की, त्या चित्रपटाने प्रेक्षकाचे कान अधिक जागे केले. तान्हे मूल घराबाहेर पावसात रांगत जाते; त्याचा आकांत आपल्याला ऐकू येतो, आईबापांना येत नाही. आपण ऐकतो म्हणूनच आपला जीव कासावीस होतो. करुणरस येथे पडद्यावर कमी आणि आपल्या खुर्चीत अधिक आहे.

‘शोले’ची (१९७५) गोष्ट वेगळी. तेथे प्रेक्षक वाट पाहत असतो. गावावर हल्ला झालेला असताना ठाकूर समोर पडलेली बंदूक उचलून देत नाही, याचा प्रथम सर्वांनाच राग येतो. पुढे वाऱ्याने शाल उडते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. दुसऱ्यांदा चित्रपट पाहणारा मग आरंभापासून त्या शालीवरच डोळा ठेवून बसतो, आणि शेजाऱ्याने ती पाहिली की नाही याचीही खात्री करून घेतो. (हा शेजारी बहुधा वैतागतो, पण ते असो.)

‘अंगूर’मध्ये (१९८२) शेक्सपिअरच्या नाटकातील जुळ्यांचा घोटाळा आहे. गुप्तहेरकथा वाचून वाचून जगावर संशय घेणारा अशोक संजीवकुमारांनी असा रंगविला आहे की, तो जितका गंभीर होतो तितके आपण हसतो. जुळ्यांचे गुपित आपल्याला ठाऊक आणि त्याला नाही, यातच ती सारी गंमत.

भक्ती आणि भीती यांना मात्र इतकी तयारी लागत नाही. ‘शोले’च्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला, तेव्हा लोक चपला काढून थिएटरात शिरत आणि पडद्यावर फुले व नाणी उधळीत. चमत्कारांची दृश्ये कशी घेतली असतील, याची चिकित्सा तेथे कोण करणार? ‘तुंबाड’ (२०१८) पाहून आलेली मुले पिशाच्चापेक्षा त्या न थांबणाऱ्या पावसाविषयी बोलतात. ओल आणि काळोख कोणत्याही भाषेत सारखेच भिववितात.

आता आमच्या मनातील खऱ्या काळजीकडे येतो. सुरतेतील मराठी घरे एका साच्याची नाहीत. काही पिढ्यान्‌पिढ्या येथील. पुष्कळशी धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्तीकाठच्या रेल्वेने यंत्रमागांवर कामास आली आणि उधना, लिंबायत भागांत स्थिरावली. अनेक घरांत चुलीपाशी अहिराणी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तथापि ज्या घरांतील मुले इतर माध्यमांत शिकतात, त्या घरांत मराठी ही केवळ ऐकण्याची भाषा होत जाते.

अशा घरात ‘सैराट’ (२०१६) लागला म्हणजे अडत नाही. करमाळ्याकडचे बोल सगळेच उमगतात असे नाही, पण गाण्यावर पाय थिरकतात, आणि शेवटी ते मूल रक्ताचे ठसे उमटवीत बाहेर येते तेव्हा पडद्यावर आवाजच नसतो. त्यामुळे समजून घेण्याचे काही उरत नाही. ‘श्यामची आई’ (१९५३) पाहूनही नातवाच्या डोळ्यांत पाणी येते. अडते ते विनोदापाशी.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा चित्रपट लावून आजी आणि नातू यांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साडी नेसून आले की दोघेही हसतात. पण सुधीर जोशींचा कवडीचुंबक घरमालक तोंड उघडतो, किंवा अशोक सराफ एखादे साधे वाक्य अशा काही थाटात टाकतात की त्यात सारा पुणेरीपणा यावा, तेव्हा आजी एकटीच हसते. नातू तिच्याकडे पाहून क्षणभराने हसतो. ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि दादा कोंडके यांचे पुढले चित्रपट तर शब्दाच्या दुसऱ्या अर्थावरच उभे. तेथे नातू हसत नाही याचा काहींना आनंद वाटेल. आम्हांस वाटत नाही. दुसरा अर्थ कळणे म्हणजे भाषा घरची असणे.

दुःख भाषांतरात टिकते, शौर्यही टिकते. उपशीर्षके वाचून आलेले हसू मात्र एका क्षणाने मागे पडते, आणि विनोदात तेवढाच क्षण मोलाचा असतो. म्हणून एखाद्या घरातील मराठी कितपत शाबूत आहे हे पाहावयाचे असेल, तर मुलांस कविता म्हणावयास लावू नये. विनोदी चित्रपट लावावा आणि कोण केव्हा हसते ते पाहावे.

आमच्या परिचयाच्या एका घरात यावर एक युक्ती चालते. नातवाने ‘काय झाले?’ म्हणून विचारले की चित्रपट थांबवितात आणि आजी त्या शब्दाचा खुलासा करते. खुलासा केलेला विनोद अर्थातच मेलेला असतो आणि त्यावर कोणी हसत नाही. परंतु ‘बनवाबनवी’ या शब्दाचा अर्थ अशा रीतीने कळल्यावर, गृहपाठ झाला म्हणून सांगणाऱ्या धाकट्या बहिणीला त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी तो शब्द लावला. त्या वेळी मात्र सारे घर हसले, आणि आजीला कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.