तीनचाकी वयाची नको, पायाच्या मापाची हवी: पालक संघाचे मागणीपत्र

प्रति,
खेळण्यांचे उत्पादक, घाऊक व किरकोळ विक्रेते, ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्या, भारतीय मानक ब्यूरो, तसेच आमच्याच गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापन समित्या यांस

विषय: लहान मुलांच्या तीनचाकी सायकलींची विक्री आणि वापर

महोदय,

आम्ही पुण्यातल्या पाळणाघरांत आणि बालवाड्यांत जाणाऱ्या मुलांचे आईवडील, आजीआजोबा आणि तिथल्या ताई आहोत. पहिल्या वाढदिवसाला तीनचाकी घ्यायची ही आता जवळजवळ रीतच झाली आहे. बोहरी आळीतून घ्या, मॉलमधून घ्या किंवा मोबाइलवरून मागवा, खोक्यावर बहुधा ‘वय 1 ते 5’ असेच छापलेले असते. या चार वर्षांत मूल भिंत धरून उभे राहण्यापासून दोन चाकांच्या सायकलसाठी हट्ट धरण्यापर्यंत पोचते. एवढ्या पल्ल्याला पुरेल असा बूट कोणी विकत नाही, सायकल मात्र बिनदिक्कत विकली जाते. शंका काढली की दुकानदार म्हणतो, “वाढत्या अंगाची घ्या हो, मूल काय आज आहे तेवढंच राहणार आहे का?”

आमचे म्हणणे थोडक्यात असे: तीनचाकी निवडायची ती मुलाच्या पायाच्या लांबीवरून. वाढदिवसाच्या तारखेवरून नव्हे, रंगावरून तर नव्हेच. आणि ती तशी निवडता यावी एवढी माहिती आज बाजार आम्हाला देत नाही.

तीनचाकी पायडल मारून चालवणे हा विकासाचा साधारण तिसऱ्या वर्षाचा टप्पा, असे बालरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. दोन्ही पायांनी आळीपाळीने जोर लावायचा, त्याच वेळी दांडी सरळ धरायची आणि समोर बघायचे, ही तिन्ही कामे त्याआधी सहसा जमत नाहीत. दीड वर्षाच्या मुलाला हवी असते ती जमिनीवर पाय टेकवून ढकलायची, पायडल नसलेली बुटकी गाडी. आपला लाकडी पांगुळगाडाही तीन चाकांचाच; पण त्याला ना सीट, ना पायडल. मूल त्याच्या मागे उभे राहून चालायचे. कोणत्या वयाला काय द्यावे, हे तो घडवणाऱ्या सुताराला ठाऊक होते.

म्हणून पहिली मागणी, आणि आमच्या लेखी सर्वात मोठी. प्रत्येक खोक्यावर आणि प्रत्येक ऑनलाइन जाहिरातीत तीन आकडे सेंटिमीटरमध्ये छापा: सीटपासून सर्वात खाली गेलेल्या पायडलपर्यंतचे अंतर, सीटची जमिनीपासून उंची आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर. सीट मागेपुढे सरकत असेल, तर पहिला आकडा दोन्ही टोकांचा द्या. पालकाने घरी मुलाला भिंतीला पाठ लावून उभे करायचे, दोन पायांच्या मध्ये वही आडवी धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. दोन मिनिटांचे काम. पाय पूर्ण खाली गेल्यावरही तळवा पायडलवर सपाट टेकला पाहिजे आणि गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. गुडघे दांडीला आपटत असतील तर गाडी लहान. पायडल गाठायला मूल सीटवरून एका बाजूला घसरत असेल तर ती मोठी, आणि तशीच ती उलटतेही. छपाईचा खर्च वाढेल, असे कोणी म्हणू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून तीनचाकीसारख्या बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे.

दुकानदारांना याच्याच जोडीने एक विनंती. प्रत्येक नमुन्याची एक गाडी जोडून ठेवा आणि मुलाला तिच्यावर बसू द्या. खोके फोडायचे नाही, हा नियम मिक्सरला ठीक आहे.

आता पायडलविषयी. स्वस्त तीनचाकीत पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असते. चाक फिरले की पायडल फिरणारच, त्यावर पाय असो वा नसो. मागची दांडी धरून आजोबा नातवाला फिरवायला निघतात तेव्हा त्याचे लोंबकळणारे पाय या फिरत्या पायडलमध्ये सापडतात. नडगी आणि टाचेवरची खरचटणी तिथलीच. यावर उपाय नवे नाहीत: पायडल चाकापासून सोडवण्याची कळ आणि पाय ठेवायला दुमडती पट्टी. ज्या गाडीला मागून ढकलायची दांडी आहे, तिला या दोन्ही सोयी असल्याच पाहिजेत, ही आमची दुसरी मागणी. आणि ती दांडी पुढच्या चाकाला वळवणारी हवी. नुसते ढकलणारी दांडी असली की वेग मोठ्या माणसाच्या हातात राहतो आणि दिशा सव्वा वर्षाच्या मुलाच्या. अशी गाडी कुठे जाते ते आमच्या जिन्याखालच्या भिंतीवर रंगीत रेघांनी नोंदलेले आहे. पुढच्या दांडीला दोरी बांधून ओढणाऱ्यांनाही सांगणे आहे की ती सवय सोडा. दोरी चाकात जाते, कधी मुलाच्या गळ्याशीही येते.

तीन चाके म्हणजे पडायची भीती नाही, हा समज आमच्यातही आहे. उभी असताना तीनचाकी स्थिर असते, हे खरे. पण तिचे तीन टेकू त्रिकोणात असतात आणि तो त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. मूल पुढे झुकले आणि त्याच क्षणी दांडी पार आडवी झाली, की भार त्रिकोणाबाहेर जातो आणि गाडी तिरपी होऊन कोसळते. सीट जितकी उंच आणि मागची चाके जितकी जवळ, तितके हे लवकर घडते. अमेरिकेत 2012 आणि 2013 या दोन वर्षांत तीनचाकीमुळे इजा होऊन तातडीच्या उपचारांसाठी आणलेल्या मुलांची संख्या तिथल्या संशोधकांनी अंदाजे 9,340 काढली; त्यांतली निम्म्याहून अधिक मुले एक ते दोन वर्षांची होती आणि सर्वाधिक मार डोक्याला होता. म्हणून दांडी ठरावीक कोनापलीकडे वळू नये असा अडसर हवा. मागे दुसरे मूल उभे राहण्यासाठी जी पट्टी जोडतात, ती एक तर काढून टाका, नाहीतर दोन मुलांच्या वजनानिशी गाडी तपासून तसे खोक्यावर छापा. आणि दुकानात तीनचाकीच्या शेजारी लहान डोक्यांची हेल्मेटे ठेवा. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर 48 ते 50 सेंटिमीटर असतो. त्या मापाचे हेल्मेट मागितले की आम्हाला हसून वाटेला लावले जाते.

दिवे आणि गाण्यांबद्दल फार लिहीत नाही. दांडीवरच्या कळा वेगवेगळ्या, सूर बहुधा एकच. त्या पैशात बरी रबरी चाके बसली असती. बसवायचेच असेल, तर सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. बटणासारखा सेल मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

मानकांचा प्रश्न कायदा नसण्याचा नाही. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खेळण्यांच्या सुरक्षेचे मानक आयएस 9873. चिन्हासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असावा लागतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर कोणालाही पडताळता येतो. 2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 67 टक्के खेळणी चाचण्यांत नापास झाली होती. ही सक्ती त्यानंतर आली. तरीही ऑनलाइन जाहिरातीत परवाना क्रमांक शोधून सापडत नाही. तो किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरांत दाखवावा. दुसरीकडे, पदपथावर लोखंडी तीनचाकी विकणाऱ्यांवर धाडी घाला, अशी मागणी आम्ही करत नाही. ती गाडी अनेकांना परवडते आणि तिचे लोखंड पुष्कळदा खोक्यातल्या प्लॅस्टिकपेक्षा जास्त टिकते. तिचा रंग शिशाचा नाही ना आणि वेल्डिंगच्या कडा घासल्या आहेत ना, एवढे पाहायला मानक ब्यूरोने त्या छोट्या कारखानदारांकडे जावे, त्यांना स्वस्तात चाचणी करून द्यावी. मूल दांडी चावते, हे सर्वांनाच माहीत आहे.

पायडल, चाकाची टोपणे, वॉशर आणि बुश निदान तीन वर्षे सुटे मिळावेत. एका मुलाची तीनचाकी दीड-दोन वर्षांत लहान होते. शेजारच्या मुलाला ती देता यावी, तर पाच रुपयांच्या वॉशरसाठी ती भंगारात जाऊ नये.

शेवटची मागणी आमच्या स्वतःच्या सोसायट्यांकडे. थेट पायडलच्या गाडीला वेगळा ब्रेक नसतो. मूल पाय रोखते तेव्हा ती थांबते. दहा इंची चाकाचा परीघ सुमारे 80 सेंटिमीटर. पार्किंगच्या उतारावर गाडीने सेकंदाला दोन मीटरचा वेग घेतला, की पायडल सेकंदात अडीच वेळा गरगरते आणि तीन वर्षांचे मूल घाबरून पाय उचलते. समोरून त्याच वेळी मोटार वर येत असते. म्हणून उताराच्या तोंडाशी साखळी लावा, पावसाळी गटारांवरच्या जाळ्यांची रुंद फट बुजवा आणि मोकळ्या जागेत संध्याकाळी पाच ते सात दुचाक्या उभ्या करू देऊ नका. ही जागा नकाशात मंजूर आहे, मुलांवर उपकार म्हणून दिलेली नाही.

येत्या 14 नोव्हेंबरच्या, म्हणजे बालदिनाच्या, आत आपण सर्वांनी लेखी उत्तर द्यावे ही विनंती. त्या दिवसापासून ज्या खोक्यावर मापाचे तीन आकडे नाहीत, ते आमच्यापैकी कोणीही विकत घेणार नाही.

आपले,
पालक संघाचे सर्व सभासद, पुणे