बरं होण्याला मार्क नसतात

खाण्याच्या विकारावर उपचार घेणाऱ्या मुलीच्या घरी काही आठवड्यांनी एक दिवस हमखास येतो. तोवर आहारतज्ज्ञांचा तक्ता तिने काटेकोर पाळलेला असतो. मग एक जेवण चुकतं, किंवा खाल्लेलं ती ओकून टाकते. संध्याकाळपर्यंत तिने स्वतःचा निकाल लावलेला असतो : ‘सगळं वाया गेलं. आता डॉक्टरांकडे कोणत्या तोंडाने जाऊ?’ चुकलेलं एक जेवण भरून काढता येतं. उपचार मोडतात ते या निकालामुळे.

हा निकाल आजाराचाच भाग आहे. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया हे विकार कशामुळे टिकून राहतात, याची मांडणी केली. काही रुग्णांत परिपूर्णतेचा टोकाचा हट्ट हे त्यातलं एक कारण. माप गाठता आलं तर ‘ते सोपंच होतं’ म्हणून ते आणखी वर न्यायचं, हुकलं तर स्वतःला झोडपायचं. समाधान दोन्हीकडे नाही.

आपल्या घरांत हा हट्ट ओळखू येत नाही, कारण त्याचं कौतुक होतं. पैकीच्या पैकी मार्क आणणारी, एकही उपवास न चुकवणारी मुलगी शहाणी ठरते. ‘हल्ली बारीक झालीस, छान दिसतेस’ हीसुद्धा तिला शाबासकीच वाटते. उपचार सुरू झाले की हाच हट्ट तिथे जातो. आता तिला पहिल्या नंबरची रुग्ण व्हायचं असतं. ताट संपलं की घरचे टाळ्या वाजवतात, उरलं की गप्प होतात. मग ती चुकलेलं लपवू लागते आणि आजाराला हवा असलेला आडोसा आयताच मिळतो.

अ‍ॅना बार्डोन-कोन यांच्या गटाने २०१० मध्ये अमेरिकेत केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. शरीर, खाणं आणि विचार या तिन्ही अंगांनी बऱ्या झालेल्या स्त्रियांमध्ये हा हट्ट विकार कधीच न झालेल्यांइतकाच आढळला. वजन आणि खाणं सुधारूनही विचार न सुटलेल्यांमध्ये मात्र तो आजारी स्त्रियांइतकाच होता. म्हणूनच केवळ वजनकाट्यावर समाधान मानू नये, असं माझं ठाम मत आहे. चांगले उपचारक ताट न मोजता वाढून घेणं, वही पुन्हा न तपासता देणं असे सरावही मुद्दाम करून घेतात.

याला वेळ लागतो. बॉस्टनमधल्या एका दीर्घ अभ्यासात अ‍ॅनोरेक्सियाच्या सुमारे ३१ टक्के स्त्रिया ९ वर्षांनी बऱ्या झालेल्या होत्या. २२ वर्षांनी हे प्रमाण सुमारे ६३ टक्के झालं. नवव्या वर्षी ज्यांना कुणी नापास ठरवलं असतं, त्यांच्यातल्याही कितीतरी जणी पुढे बऱ्या झाल्या.

‘चूक चालते म्हटलं तर ती जेवणारच नाही,’ ही आईवडिलांची भीती खरी आहे. अ‍ॅनोरेक्सिया जीव घेऊ शकतो, त्यामुळे जेवणात सूट नकोच. पण ताटाबाबतची कडक शिस्त आणि मुलीवरचा राग या वेगळ्या गोष्टी आहेत. दुपारचं चुकलं तर रात्रीचं पान ठरल्या वेळी वाढा. भरपाई म्हणून उपास नको, जास्तीचा व्यायाम नको, उलटतपासणीही नको. चक्कर, छातीत धडधड किंवा उलटीत रक्त दिसलं तर मात्र थेट रुग्णालय गाठा. मनाच्या आधारासाठी आणि कुठे जायचं हे विचारण्यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

प्रगती मोजायचीच असेल, तर माझ्या मते खूण एक आहे : चुकलेल्या जेवणाबद्दल ती स्वतःहून, न घाबरता सांगू लागली का? ती सांगू लागली, तर ऐकून घेणं आणि पुढच्या जेवणाला तिच्यासोबत बसणं हे आपलं काम आहे.